तरंगलं ते आत

साहेबराव वाहूळ यांच्या खाकी शर्टाच्या खिशात दोन वस्तू कायम असत: एक अडकित्ता आणि एक काडेपेटी. ते सुपारी खात नसत आणि विडीही ओढत नसत. समोर प्लास्टिकची कोणतीही वस्तू आली की अडकित्त्याने तिचा नखाएवढा तुकडा कातरायचा, काडी ओढून पेटवायचा, फुंकून विझवायचा आणि धूर नाकाशी न्यायचा. मग वस्तूच्या मालकाकडे बघून निकाल सांगायचा. मालकाची परवानगी घेण्याची पद्धत त्यांच्यात नव्हती.

माझ्या कंगव्याचा एक दात असाच गेला. मी तेव्हा औरंगाबादच्या एका दैनिकात वार्ताहर होतो. आदल्या दिवशी आमच्या अंकात 'कचऱ्यापासून पेट्रोल' अशा मथळ्याची चार ओळींची बातमी आली होती आणि तीत त्यांचे नाव होते. दुपारी ते कचेरीत आले, माझ्या टेबलासमोर उभे राहिले आणि अंक पुढे ठेवला.

"ही बातमी तुमची?"

"हो."

"पेट्रोल कुणी सांगितलं?"

"विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांनी."

"त्यांनी तेल म्हटलं असंल. तुम्ही पेट्रोल केलं. सकाळपासून तीन रिक्षावाले येऊन गेले घरी. एकानं तर डबा आणला होता सोबत."

बोलता बोलता त्यांची नजर टेबलावरच्या कंगव्यावर गेली. मी काही म्हणायच्या आत त्याचा एक दात कातरून पेटला होता. काळी काजळी वर गेली आणि गोडसर वास आला.

"दुकानदारानं हा काय म्हणून दिला?"

"नायलॉनचा म्हणून."

"नायलॉन जळलं की केस जळल्यावानी वास येतो. हे नायलॉन नाय. त्यानं तुम्हाला फसवलं. तुम्ही वाचकाला फसवलं. फिटंफाट झाली."

मग खरे काय लिहायचे, असे मी विचारले. त्यांनी थोडा विचार केला. "कच्चा माल लिहा. ज्या तेलापासून प्लास्टिक होतं, त्याच्या जवळपासचं तेल. त्याचं परत प्लास्टिक होऊ शकतं. पण असं लिहिलं तर कुणी वाचणार नाय, हे मलाबी कळतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच पानावर खुलासा छापला. तो कापून त्यांनी आपल्या वहीत चिकटवल्याचे मी पुढे पाहिले. मूळ बातमी चिकटवलेली नव्हती.

साहेबराव विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात प्रयोगशाळा परिचर होते. परिचर म्हणजे काच धुणारा, बर्नर पेटवणारा, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावणारा माणूस. 'आमच्या विभागात साहेब पुष्कळ, साहेबराव एकच,' असे तिथले कारकून म्हणत. हा विनोद त्यांना आवडत असे, कारण त्यात त्यांची बाजू वरचढ होती. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. बाकीचे ते धुता धुता शिकले. "वीस वर्षं जी काच धुतली तिच्यात काय शिजलं होतं, हे माणूस एक दिवस तरी विचारणारच," असे ते म्हणत. एका प्राध्यापकांनी त्यांना तासाला मागच्या बाकावर बसू दिले. विद्यार्थी उभे राहिले की यांनाही उठायची सवय झाली, आणि ती निवृत्तीपर्यंत गेली नाही.

शहर त्या वर्षांत वाढत होते. चिकलठाण्याच्या वसाहतीत कारखाने भरले आणि वाळूजला नवे उभे राहू लागले. त्यांच्याबरोबर प्लास्टिकच्या कडा, कातरण, फुटकी क्रेट आणि फाटक्या गोण्या शहराबाहेर येऊ लागल्या. खाम नदीच्या पात्रात त्यांचे ढीग जळत. साहेबराव सायकलवरून जाताना थांबत आणि धुराचा वास घेत. जे तेलापासून झाले ते उघड्यावर जाळण्याऐवजी बंद भांड्यात तापवले तर परत तेल व्हायला हवे, एवढाच त्यांचा तर्क होता. तो पुस्तकात होताच. औरंगाबादेत तो कुणी करून पाहिलेला नव्हता.

पडेगावला करीमभाईंचे भंगाराचे गोदाम होते. त्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये साहेबरावांनी भट्टी मांडली. जुन्या बॉयलरचा तुकडा घेऊन त्याला झाकण बसवले. या भांड्याला ते 'हंडा' म्हणत. हंड्यात हवा शिरू द्यायची नाही, खालून जाळ द्यायचा. प्लास्टिक वितळे, मग त्याची वाफ होई. ही वाफ पाण्याच्या पिंपातून गेलेल्या नळीत थंड होऊन दुसऱ्या टोकाला तेल म्हणून ठिबके. जी वाफ थंड होऊनही तेल होत नसे ती परत भट्टीखाली नेऊन जाळत. तेलाचा रंग कोऱ्या चहासारखा. हिवाळ्यात ते तुपासारखे थिजे.

करीमभाई पाहुण्यांना शेड दाखवायला स्वतः येत. "पंदरा बरस से भंगार का धंदा करतूं मैं," ते म्हणत. "माल तोल के लेते, ये मालूम था. सूंघ के बी लेते, ये इनोंच सिखाए."

रोजच्या ढिगाचा प्रत्येक तुकडा जाळून बघणे शक्य नव्हते. त्यासाठी शेडच्या दाराशी सिमेंटचा हौद होता. धुतलेले तुकडे त्यात टाकायचे. पिशव्यांचे आणि खताच्या गोण्यांचे प्लास्टिक हलके असते, ते वर राहते. चपलांचे पट्टे, रेनकोट, विजेच्या तारेवरचे आवरण यांचे प्लास्टिक जड असते, ते तळाला जाते. या जड प्लास्टिकला साहेबराव 'नासकं' म्हणत. तापवले की त्यातून आम्ल सुटते. ते लोखंड खाते आणि तेलात क्लोरीन सोडते. असे तेल कोणताही कारखाना कच्चा माल म्हणून घेणार नाही. "एक पट्टा आख्खा हंडा नासवतो," ते सांगत. हौदाच्या भिंतीवर त्यांनी स्वतः पांढऱ्या रंगात दोन ओळी लिहिल्या होत्या:

तरंगलं ते आत.
बुडालं ते बाहेर.

हौदावर भागाबाई कोळेकर असत. पाचोडकडच्या धनगर कुटुंबातल्या. दुष्काळात मेंढरे विकली गेली तेव्हा नवऱ्याबरोबर शहरात आलेल्या. निवडायला आणखी चार बाया होत्या, त्या साहेबरावांच्या वस्तीतल्या. भागाबाई वाचू शकत नसत. त्या दोन ओळी मात्र त्यांना पाठ होत्या आणि नव्या बाईला त्या बोट ठेवून वाचल्यासारख्या म्हणून दाखवत.

त्या साहेबरावांना 'भाऊ' म्हणत आणि त्यांची थट्टा करण्याची मुभा शेडमध्ये त्यांनाच होती.

"भाऊ, हजार मेंढरांत आपलं मेंढरू मी लांबून वळखीत व्हते. त्याला काय अडकित्ता लागत नव्हता."

"मेंढरू ओरडतं, भागाबाई. प्लास्टिक गप असतं."

"मंग तुमच्यावानीच की."

ही त्यांची नेहमीची जुगलबंदी होती. मी ती निदान चार वेळा ऐकली आणि दर वेळी करीमभाई पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसले.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला त्या वर्षी साहेबरावांच्या गावी त्यांच्या भावाचे घर जळाले. त्याबद्दल ते फार बोलत नसत. मोर्चाला आणि सत्याग्रहाला मात्र जात. नोकरीत असून जात, आणि त्यापायी एकदा निलंबितही झाले. त्या महिन्यांना ते 'सुट्टी' म्हणत. ती सगळी सुट्टी त्यांनी हंड्याचे झाकण बदलण्यात घालवली.

एकदा मी त्यांना विचारले, की तुम्ही कुठल्याच वस्तूचे नाव प्रमाण मानत नाही, जाळून बघता; मग विद्यापीठाच्या नावासाठी तुरुंगात कशाला जाता? प्रश्न खवचट होता. ते रागावले नाहीत.

"पाटी बघून प्लास्टिक कळत नाय," ते म्हणाले. "पण पाटी बघून माणसाला कळतं, की आत आपल्याला जागा हाय का नाय. मी तर आतच असतो रोज. मला विचारा."

मी ते वाक्य तेव्हा छापले नाही. संपादकांना ते बातमीचे वाटले नाही.

वाळूजच्या एका कंपनीने तेलात रस दाखवला तो यानंतर. कंपनीचा मूळ कारखाना मुंबईकडे होता आणि तिथे खनिज तेलातून प्लास्टिकचा कच्चा माल तयार होई. साहेबरावांचे तेल त्यात थोडे थोडे मिसळून चालेल का, हे कंपनीला पाहायचे होते. दरम्यान वीटभट्टीवाले ते तेल जाळण्यासाठी मागत होते. साहेबराव त्यांना टाळत. जाळायचेच असते तर खाम नदीत जळतच होते, असे त्यांचे म्हणणे. तेल परत प्लास्टिक झाले पाहिजे, एकदा तरी. शेडच्या मांडणीवर प्रत्येक घाण्याची एक बाटली ते ठेवत आणि तिच्या चिठ्ठीवर तारखेखाली एकच शब्द लिहीत: 'परत'.

पाच कॅन नमुना द्यायचा दिवस ठरला. त्याआधीच्या आठवड्यात सत्याग्रह झाला. साहेबराव आणि वस्तीतल्या चारही बाया त्यात होत्या. संध्याकाळी सोडतील असा अंदाज होता, पण सुटका लांबली आणि साहेबरावांसह सगळे हर्सूलच्या तुरुंगात राहिले. शेडमध्ये भागाबाई एकट्या उरल्या. ठरलेला दिवस चुकू नये म्हणून त्यांनी करीमभाईंच्या हमालाला जाळावर बसवले, स्वतः निवडले, घाणा काढला आणि कंपनीच्या माणसाच्या हवाली पाच कॅन केले.

आठवड्याने कंपनीचे अधिकारी शेडमध्ये आले. साहेबराव दोनच दिवसांपूर्वी सुटले होते. या प्रयोगावर मोठा लेख करायचे मी कबूल केले होते, म्हणून मीही तिथे होतो. अधिकारी सभ्य गृहस्थ होते. त्यांनी हातातला अहवाल साहेबरावांना दिला.

"क्लोरीन आहे यात. थोडंथोडकं नाही."

"मला ठाऊक हाय," साहेबराव म्हणाले. "आल्या दिवशीच बघितलं. तांब्याची तार तेलात बुडवून ज्योतीत धरली. ज्योत हिरवी झाली."

"मग असं पाहा, वाहूळ. नमुना कोणाच्या तरी चुकीने बिघडला असेल, तर मी दुसरा घेऊ शकतो. तसं लिहून द्या, त्या माणसाला हौदावरून काढा, आणि महिन्याभरात मला पुन्हा पाच कॅन द्या. पण पद्धतच कच्ची असेल तर मला फाइल बंद करावी लागेल. वर उत्तर द्यायचंय मला. हौदावर कोण होतं?"

भागाबाई हौदापाशी झारा धरून उभ्या होत्या. त्यांनी झारा खाली ठेवला आणि एक पाऊल पुढे आल्या.

"भागाबाई," साहेबराव म्हणाले, "साहेबांना प्यायला पाणी आणा."

त्या जागच्या हलल्या नाहीत.

"आणा म्हटलं ना. माठातलं आणा."

त्या गेल्या. साहेबरावांनी अहवालाची घडी घालून अधिकाऱ्यांना परत दिली.

"चूक पद्धतीची हाय, साहेब. माणसाची नाय."

"नीट विचार करून सांगताय?"

"व्हय."

भागाबाई पाणी घेऊन आल्या तेव्हा गाडी सुरू झाली होती. करीमभाई म्हणाले, "साबराव, कायकू ऐसा बोल दिये?" साहेबराव हंड्याचे नट सैल करायला वळले. आम्लाने आतला पत्रा खाल्ला होता आणि तो बदलायचा होता.

मी लेख केला नाही. आतल्या पानावर चार ओळी दिल्या: 'टाकाऊ प्लास्टिकपासून औद्योगिक कच्चा माल बनवण्याचा येथील प्रयोग फसला आहे. पद्धतच सदोष असल्याची कबुली प्रयोगकर्ते साहेबराव वाहूळ यांनी दिली. श्री. वाहूळ नुकतेच नामांतर सत्याग्रहातून सुटून आले आहेत.' शेवटच्या वाक्याचा पहिल्या दोन वाक्यांशी संबंध नव्हता. वाचकाने तो जोडायचा होता आणि वाचकाने तो जोडला. विद्यापीठात काही दिवस त्यावर बोलले गेले. मोर्चे काढणाऱ्याने मोर्चे काढावेत, रसायनशास्त्र त्याचे काम नव्हे, अशा अर्थाचे.

पेट्रोल या एका शब्दासाठी सायकल मारत कचेरीत आलेले साहेबराव या बातमीबद्दल आले नाहीत. मी चार-पाच दिवस वाट पाहिली. आले नाहीत याचा अर्थ बातमी बरोबर आहे, असा मी काढला. आमच्या धंद्यात तसाच काढतात.

शेड पुढे बरीच वर्षे चालली. तेल वीटभट्ट्यांकडे जाऊ लागले. साहेबराव ते भरून देत, पण कॅन उचलून गाडीवर ठेवायला हात लावत नसत. ते काम दुसऱ्या कुणी करायचे. मांडणीवर 'परत' लिहिलेली बाटली मात्र दर घाण्याला चढे. मी महिन्या-दोन महिन्यांनी चक्कर मारी. केव्हातरी हौदाच्या भिंतीवर तिसरी ओळ आलेली मला दिसली. रंग वेगळा होता, अक्षर त्यांचेच: 'पाणी गोडं असावं.' पाण्याबद्दल या शहरात काहीही लिहिलेले असले तरी कुणाला नवल वाटत नाही. मीही विचारले नाही.

नामांतराचा शेवट नामविस्ताराने झाला. त्या दिवशी मी प्रतिक्रिया गोळा करत विद्यापीठाच्या दरवाजाशी उभा होतो. गुलाल होता, ढोल होते, लांबलांबून माणसे आली होती. निळा फेटा बांधलेले साहेबराव गर्दीतून सायकल ढकलत आले. मी वही काढली आणि काय वाटते असे विचारले. त्यांनी नवी पाटी वरपासून खालपर्यंत वाचली. हात खिशाकडे गेला, आणि परत आला.

"लिहा," ते म्हणाले, "परिचर साहेबराव वाहूळ आज कामावर वेळेवर हजर होते."

हे मी छापले. त्यांनी ते कापून वहीत चिकटवले असावे.

ते गेले तेव्हा मी निवृत्त झालो होतो. झोपेत गेले, दुखणे नव्हते. जलदानविधीला वस्तीतल्या विहारासमोर मंडप होता. करीमभाई आधीच वारले होते, त्यांचा मुलगा आला होता. मागच्या रांगेत भागाबाई बसल्या होत्या, केस पूर्ण पांढरे. मला ओळखून त्यांनी शेजारची खुर्ची ओढली.

"पेपरवाले, तुमीच ना ते? पद्धत खराब हाय म्हणून लिवलं व्हतं ते?"

मी हो म्हणालो.

"पद्धत नव्हती खराब. पाणी खराब व्हतं. मी वतलं व्हतं."

मग त्यांनी सांगितले. सत्याग्रहाच्या त्या आठवड्यात चार दिवस टँकर आला नव्हता. हौद तळाला गेला होता. शेडमध्ये प्यायच्या पाण्याचे एक पिंप होते, ते माणसांचे. "पिण्याचं पाणी प्लास्टिक धुवाया वतू व्हय? जीव झाला नाय माझा." शेजारी कातडीचे गोदाम होते. कातडी मिठात ठेवतात, तिचे खारे पाणी तिथे पिंपेच्या पिंपे साचलेले असे. मागितल्यावर त्यांनी आनंदाने दिले. भागाबाईंनी त्याने हौद भरला. पाणी ते पाणी. त्या दिवशी चपलांचे पट्टे वर राहिले, तारेची आवरणे वर राहिली. नियम भिंतीवर होता आणि त्यांना तो पाठ होता. तरंगले ते त्यांनी आत टाकले.

"भाऊ सुटून आले. हौदात बोट बुडवलं आन् जिभेला लावलं. मला म्हणले, भागाबाई, हे पाणी कुठलं? मी सांगितलं. मंग म्हणले, खाऱ्या पाण्यात जड बी तरंगतं. हे मला ठाऊक व्हतं आन् तुमाला नव्हतं. मी भिंतीवर लिवलं नाय. चूक नियमाची हाय."

"मग ते अधिकारी आले तेव्हा..."

"मी सांगणार व्हते की. मला पाण्याला धाडलं." त्यांनी पदराने तोंड पुसले. "आदल्या दिवशी मी म्हणले व्हते, माझं नाव सांगा, मला काढा, तुमचं तेल तरी जाईल. तर म्हणले, भाईर काय चाललंय बघता ना? आमी जेलात आन् हौदावर तुमी. आमची माणसं म्हणतील, धनगराच्या बाईनं मुद्दाम नासवलं. तुमची म्हणतील, बरं केलं. दोनी खोटं. आन् दोनी खरं धरलं जाईल. तेलाचं काय, आज नाय तर उद्या कुणीतरी करंल. माणसांतलं हे नासलं तर कुठल्या हंड्यात घालू?"

समोर भन्तेजींचे पठण सुरू झाले. ते संपल्यावर त्या उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून क्षणभर थांबल्या.

"आता कोण काय म्हणतंय? त्यांनी झाकलं ते त्यांचं. तुमी झाकू नका. लिवा. आन् माझं नाव घालून लिवा, अर्धंमुर्धं नको."

प्लास्टिकपासून तेल आणि त्या तेलापासून परत प्लास्टिक करणारे कारखाने आता आहेत. एका कारखान्यात मी जाऊन आलो. कच्च्या मालातले क्लोरीन मोजायला त्यांच्याकडे यंत्र आहे. निवडीसाठी मोठे हौद आहेत आणि त्यांतल्या पाण्याचा खारेपणा रोज तपासतात. ही तपासणी कधीपासून करता, असे मी विचारले. पहिल्यापासूनच, असे तिथला तरुण अभियंता म्हणाला. त्याच्या दृष्टीने ते साधे होते.

ज्या पानावर चूक झाली त्याच पानावर खुलासा छापायचा, असा आमच्या कचेरीचा नियम होता. ते दैनिक बंद पडले, म्हणून तो इथे देतो.

खुलासा: साहेबराव वाहूळ यांची पद्धत सदोष असल्याचे वृत्त चुकीचे होते. हौदातले पाणी खारे होते. ही माहिती भागाबाई सखाराम कोळेकर, राहणार पडेगाव, यांनी आपले नाव छापण्याच्या अटीवर दिली आहे.